चौकडीच्या लुगड्याची बाळोती

माझ्या नातीच्या अंगाची सालटी निघाली ती माझ्यामुळे. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, डॉक्टरने तोंडावर विचारलं तेव्हा त्यालाही नाही. दोष शेजारच्या काकीवर गेला. तो जात असताना मी तिथेच उभा होतो, लेंग्याचे पाय दुमडून, हातात धुण्याची बादली घेऊन. माझ्या एका वाक्याने तो थांबला असता. मी दुसरंच वाक्य बोललो.

आता लिहायला बसलोय तर पहिल्यापासून लिहितो. मला गोड लिहिता येणार नाही. या सगळ्या प्रकाराची मला अजून चीड येते आणि त्या चिडीत सगळ्यात वर मीच आहे.

मालवणच्या किनाऱ्याला आमचं घर. मागच्या अंगाला पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. बायको जेवण रांधते, मी खोल्या बघतो, चादरी धुतो. पाहुणे गेले की केरही मीच काढतो. तेव्हा सापडतात वापरलेले डायपर. पलंगाखाली, न्हाणीच्या कोपऱ्यात, एकदा तर खिडकीच्या गजात खोचलेला. नीट गुंडाळी करून, वर त्याचीच चिकटपट्टी लावून, जसा काही आहेरच ठेवलाय. स्वतःच्या पोराचं हे आपल्या गाडीतून परत न्यावं असं एकाही आईबापाला वाटत नाही. आमच्या वाडीत कचऱ्याची गाडी येते तेव्हा येते. पुरले तर कुत्री उकरून काढतात. जाळले तर जळत नाहीत, नुसते धुमसत राहतात. किनाऱ्यावरून रापण ओढतात तेव्हा जाळ्यात मासळीबरोबर हेही येतात, पाणी पिऊन उशीएवढे फुगलेले. एकदा एका पाहुणीला मी बोललो, तर ती म्हणाली, "काका, आम्ही खोलीचे पैसे देतो ना?" त्यानंतर मी बोलणं सोडलं आणि मनात साठवायला लागलो.

त्यामुळे मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची ठरली, तेव्हा मी जावयासमोर जाहीर करून टाकलं, की या घरात प्लॅस्टिकचे लंगोट येणार नाहीत. बाळोतीच वापरायची. सुती, मऊ, धुऊन पुन्हा घ्यायची, जशी आजवर घरातल्या सगळ्या पोरांना घातली.

"बाबा, धुणार कोण?" मुलीने विचारलं.

"मी."

बायको हसत सुटली. "स्वताचो बनियान तरी धुवलात काय कधी?"

"चादरी कोण धुता मग?"

"चादरी यंत्र धुता. तुमी बटान दाबतात."

जावईही हसला. मला ते लागलं. आता वाटतं, तिथेच गोष्ट फिरली. बाळोती मला नातवंडासाठी हवी होती हे खरं, पण त्या हसण्याला उत्तर म्हणूनही हवी होती.

बाळोतीसाठी लागतो जुना सुती कपडा. नवा चालत नाही. नव्याला खळ असते, तो टोचतो. वर्षानुवर्षं धुऊन धुऊन विरत आलेलं लुगडं, धोतर, पंचा, त्याची बाळोती होतात. पूर्वी घरात बाळंतपण आलं की चार घरांतून न मागता गाठोडी यायची. मला वाटलं, आताही येतील. कुठून येणार? वाडीतल्या बायका दिवसभर मॅक्सी घालतात, तीही नायलॉनची. पुरुष बर्म्युडा. बायकोचं कपाट उघडलं तर सगळं झुळझुळीत. मी एका साडीला बोट लावून बघितलं.

"माझ्या साड्येक हात लावशात तर बघा," ती म्हणाली. "आणि त्येचा काय बाळोता जाता? पाणी वर तरंगात."

खरं होतं. त्या साडीवर टाकलेला थेंब घरंगळून खाली पडला.

मग मी बाजार हिंडलो. मालवणात एका दुकानदाराने मांजरपाट काढून दाखवलं, पोत्यासारखं. "उकळवा, मऊ जाता," म्हणाला. किती वेळा उकळू? "पोर शाळेत जाईसर जायत मऊ." स्वतःच्याच विनोदावर हसला. दुसऱ्याकडे छतापर्यंत डायपरची पाकिटं रचलेली, माणूस त्यांच्यामागे दिसत नव्हता. मी जुन्या पद्धतीचे लंगोट मागितले तर तो म्हणाला, "ते आता भटजी लोकांकडे गावतीत." सावंतवाडीला गेलो. तळ्याकाठच्या बाजारात एका मोठ्या दुकानात मलमल होती, पण भगवी. लग्नातल्या फेट्यांसाठी. तान्ह्या पोराच्या कमरेला फेटा बांधू?

तिथेच शेजारी लहान मुलांच्या वस्तूंचं काचेचं दुकान होतं. मुलगी हसतमुख. "कापडी लंगोट आहेत ना काका, धुऊन वापरायचे," म्हणत तिने हत्तीची चित्रं असलेले, कडेला बटणं असलेले लंगोट मांडले. आत बोट घातलं तर गुळगुळीत. मी विचारलं, सुती आहे का? "शंभर टक्के कॉटन, लिहिलंय बघा." मी आतला एक धागा ओढला आणि काडी पेटवली. सुताची राख होते. याचा काळा मणी झाला आणि बोटाला चिकटला. मी तो मणी तिच्यासमोर काचेवर ठेवला. आतून मालक धावत आला. "ओ, दुकानात आग कसली लावता?" मी म्हटलं, तुम्ही तान्ह्या पोरांच्या ढुंगणाला प्लॅस्टिक गुंडाळता ते चालतं? तो म्हणाला, "घ्यायचं तर घ्या, नाहीतर निघा. सगळे घेतात." सगळे घेतात, हेच त्याचं उत्तर होतं. मी भांडून, हात हलवत घरी आलो.

आणि नात झाली. भर श्रावणात, काही वाळत नाही अशा दिवसांत. सुरुवातीला खोल्यांच्या जुन्या चादरी फाडून वापरल्या, त्या टेरीकॉटच्या. पाणी शोषत नव्हत्या, पोर ओल्यात पडून रडायची. मुलगी माझ्याकडे बघायची, बोलायची नाही. बायको बोलायची.

काकी आमच्या नात्यातली नव्हे. वाडी तिला काकी म्हणते म्हणून आम्हीही. मधल्या गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी बांधाच्या पलीकडे, तिचं घर. सकाळी पाटी घेऊन मासे विकायला निघायची आणि पहिली टेकायची आमच्या मागच्या दारी. अजून सुती चौकडीचं लुगडं नेसणारी आमच्या बाजूला ती एकटीच. नवरा समुद्रात गेला. पोरं जगली नाहीत. किती झाली, किती गेली, हे तिने कधी सांगितलं नाही. वाडीतल्या बायकांना मात्र तो आकडा पाठ.

एक दिवस तीच म्हणाली, "कसली रे कापडा सोदतंस? सावतवाडीक जावन इलंस म्हणतत."

"बाळोत्यांक, काकी. जुना सुती खंयच गावना नाय."

तिने मासळीचे हात धुतले. मग म्हणाली, "माझ्याकडे आसत. पण माझी तुका चलतीत?"

तान्ह्याला घालायचं कापड भरल्या घरातलं घ्यायचं, ज्या बाईची पोरंबाळं धडधाकट आहेत तिचं. आमच्याकडे ही रीत आहे आणि ती कुणी तोंडाने सांगत नाही. मी लगेच म्हटलं, "आमी असला काय मानीत नाय, काकी."

"तुझी बायल मानता. तिका इचार आधी. मागसून माका नको काय."

"इचारतंय."

दुपारी मी तिच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात गेलो. तिने दोन लुगडी काढून ठेवली होती, धुतलेली, घडी घातलेली. हिरवी चौकडी, लाल काठ. हातात घेतली तर सायीसारखी. "इचारलंस?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिचं तोंड असं उजळलं की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "आजपावत माझ्याकडे कोण मागूक इला नाय रे," ती म्हणाली. "तिच्या अंगाक लागला तर गोड वाटात माका."

गडगा ओलांडेपर्यंत माझं खोटं तयार होतं.

बायकोला मी सांगितलं, कापड वालावलहून आणलं, माझ्या आत्याकडून. आत्याच्या घरात पोरं, नातवंडं, पतवंडं, उंबऱ्यात पाय ठेवायला जागा नाही. बायको खूश. "बरा झाला, भरल्या घरातला गावला." पण चौकडी? ती तर रोज सकाळी मागच्या दारात बसलेली असायची. म्हणून मी काठ फाडून वेगळे केले, लाकडांच्या माचावर पार मागे कोंबले, आणि उरलेलं कापड खोल्यांच्या चादरींना वापरतो त्या ब्लीचमध्ये बुडवून ठेवलं. हिरवा रंग फिकटला, चौकडी तरी दिसतच होती. दुसऱ्या खेपेला ब्लीच जास्त घातलं. बाळोती फाडली, पण रेघा दिसल्या की परत बुडवायची, असं चाललं. दुपारी दोघी डोळा लावायच्या तेवढ्यात उरकायचं, त्यामुळे खळबळून काढणं नीट होत नव्हतं. नाकाला वास यायचा. मी चुलीच्या धगीवर वाळवायचो, म्हणजे धुराच्या वासात तो लपे. सकाळी काकी आली की मासे घ्यायला मीच पुढे व्हायचो, म्हणजे तिचं आणि बायकोचं बोलणं व्हायला नको.

लिहिताना लाज वाटते. मी डाग काढत नव्हतो. काकीला त्या कापडातून काढत होतो. असलं काय मानीत नाय म्हणणारा मी.

पहिले काही दिवस पोर गप झोपली. बायको शेजारणींना सांगायची, "आमच्या ह्येनी बाळोती धुतल्यानी, तुमचे घो काय करतत?" मी छाती काढून दांडीवर पांढरी फडकी पसरत होतो. मग नातीच्या मांड्या लाल झाल्या. मग सालटी निघायला लागली, बाळोतं बदलताना ती अशी ओरडायची की मुलगी रडत बाहेर निघून जायची. ताप भरला. कुडाळला नेलं.

डॉक्टरने बघितलं आणि विचारलं, "कपडे कशात धुता?"

"साबणातच," बायको म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवली. हो म्हणून.

"कडक काही वापरू नका. भरपूर पाण्यात काढा," डॉक्टर म्हणाला आणि मलम लिहून दिलं. मला आधीच कळायला हवं होतं. पण खरं सांगायचं बसलोय तर हेही सांगतो. पोरीचं अंग पहिल्यांदा लाल झालेलं दिसलं तेव्हा माझ्या डोक्यात ब्लीच आलंच नाही. आधी आली काकीची गेलेली पोरं. डॉक्टरने विचारल्यावर ब्लीच आठवलं. तोवर मी मनातल्या मनात तिला दोषी धरून मोकळा झालो होतो. बायकोने जे नंतर तोंडाने केलं ते मी आधीच करून बसलो होतो, नुसतं आवाज न करता.

त्या दिवसापासून ब्लीच बंद केलं. पोरीला उतार पडत होता. पण बायको लाकडं काढायला गेली आणि तिच्या हातात लाल काठ आले.

"ह्ये काकीचे," ती म्हणाली. "ह्ये हय कशे?" मग दांडीवरचं एक बाळोतं ओढून तिने उजेडात धरलं. चौकडी होती. कितीही धुतली तरी होती. "तुमी वालावलसून हाडलात म्हणालात ना?"

"वालावलहूनच आणली मी. ही त्यात कशी मिसळली, मला काय माहीत?"

हे ते वाक्य. मी आणि बायको घरात मालवणी बोलतो. हे मी ऑफिसात बोलावं तसं शुद्ध बोललो. माझं मलाच ते जाणवलं.

मला काय माहीत म्हटल्यावर बायकोने स्वतःच जुळवलं. काकी रोज मागच्या दारी बसते. दांडी तिथेच. तिने आपली फडकी आमच्यात घुसडली, आपल्या पोरांचं मरण आमच्या पोरीवर ढकलायला. तिने सगळी बाळोती काठांसकट कवेत धरली आणि गडग्यापाशी जाऊन काकीच्या खळ्यात भिरकावली. मासे सुकत घातले होते त्यांच्यावर पडली.

"तुझी गिळलंस, आता माझी गिळूक इलंस?"

काकी बाहेर आली. आधी तिला काही कळलंच नाही. तिने एक बाळोतं उचललं, बघितलं, नाकाला लावलं. मग माझ्याकडे बघितलं. वाडीतल्या बायका जमल्या होत्या. कुणी हात कमरेवर ठेवून, कुणी पदर तोंडाला लावून.

"सांग रे," काकी मला म्हणाली. "सांग तिका. कोणी मागल्यान ता."

मी बादली खाली ठेवली.

"सांग मेल्या! तोंडात काय माती घातलंस?"

"काकी, घरात जा," मी म्हटलं. "उगाच वाढवू नको."

कुणीतरी मागून म्हणालं, "बघा, वरसून आवाज चढयता." काकीने माझ्याकडे पाठ केली. मग वाकून एकेक बाळोतं वेचायला लागली. मासळीचे खवले झाडून, घडी घालून. ते बघणं मला सहन झालं नाही, म्हणून मी आत गेलो. माझ्याने तेवढंच झालं.

बायकोवर राग काढायला मला आवडलं असतं. पण तिच्यापुढे मी जेवढं ठेवलं तेवढ्यावरूनच ती बोलली. भ्याली होती. मी तिच्या भीतीच्या हातात दगड दिला.

त्याच संध्याकाळी जावई डायपरची पाकिटं घेऊन आला. कुणी मला विचारलं नाही, मीही तोंड उघडलं नाही. नजर काढली, मलम लावलं, कातडी भरून आली, आणि सगळ्यांच्या मते हे सिद्ध झालं की बाधा काकीच्या कापडाची होती. बारशाला सगळी वाडी जेवली. काकीला बोलावणं नव्हतं. तेव्हापासून ज्या घरात लहान पोर आहे त्या घरची बाई तिच्याकडून मासे घेत नाही. ती आता वाडीत पाटी उतरवतच नाही, सरळ रस्त्याला लागते आणि पलीकडच्या गावात जाते. या वयात. नातीचे डायपर मात्र मी पुरत होतो, पाहुण्यांच्या डायपरशेजारी, सुरूच्या झाडांत. पहिला खड्डा खणताना इतका संताप आला की फावड्याचा दांडा मोडला.

नात आता बालवाडीत जाते. सुट्टीत आली की गडग्यावर चढून काकीच्या कोंबड्या बघते, आणि बायको तिला ओढून आत आणते. मुलगी एकदा सहज म्हणाली, "बाबा, काकीने असं का केलं असेल? मी तिचं काय वाकडं केलं होतं?" मी पेपर वाचत होतो. वाचत राहिलो.

गेल्या वर्षी मी काकीकडे गेलो. घरची माणसं कुडाळला गेली होती. भाषण तयार करून गेलो होतो. ती पडवीत जाळं शिवत होती. मी म्हटलं, "काकी, त्या दिवशी माझी चूक..."

तिने मान वर केली नाही. "माका कित्याक सांगतंस? माका म्हायत आसा."

"माफ कर."

"गुपचूप इलंस मा? बायल नाय बघून?" सुतळी दातांनी तोडली. "मी खंय उबी हुतंय तेव्हा? भायर, खळ्यात. सगळी बघी हुती. माफी व्हयी तर थयसर ये. सगळ्यांका घेवन ये. नायतर हय पाय ठेव नको."

मी उभा राहिलो. ती सुई ओवत राहिली. मग मी परत आलो, आणि गडगा ओलांडताना कुणी बघितलं नाही ना, हे आधी बघितलं.

हे लिहिलेलं काकी वाचणार नाही, तिला वाचता येत नाही. बायको वाचेल, मुलगी वाचेल, वाडीत दोघीतिघी वाचतील. पण कागदावर लिहिणं म्हणजे पुन्हा गुपचूप जाणंच आहे, हे मला कळतं. यातून माझं काही फिटत नाही.

काकीच्या खळ्यात, सगळ्या वाडीसमोर, बायको आणि मुलीला शेजारी उभं करून मला सांगायचं आहे, की लुगडी मी मागून आणली, तिने बजावलं होतं तरी बायकोला न विचारता आणली, ब्लीच मी घातलं आणि खोटं मी बोललो. एवढं मी काकीला देणं लागतो. अजून दिलेलं नाही.